क्रीडा नेमबाजीतील काडतुसांची टंचाई

क्रीडा नेमबाजीतील काडतुसांची टंचाई म्हणजे सराव व स्पर्धा यांसाठी लागणारी काडतुसे किंवा छर्रे योग्य वेळी, योग्य दर्जाचे आणि परवान्याने ठरवून दिलेल्या मर्यादेत पुरेशा संख्येने न मिळण्याची स्थिती होय. भारतात ही टंचाई केवळ बाजारातील तुटवड्यामुळे निर्माण होत नाही. स्पर्धेच्या दर्जाचे काडतूस बहुतांशी परदेशातून येते, त्याची खरेदी शस्त्र कायद्याने नियंत्रित असते आणि प्रत्येक रायफलला विशिष्ट उत्पादन-गटाचेच (लॉटचे) काडतूस मानवते. यामुळे दुकानात माल असूनही नेमबाजाला टंचाई भासू शकते. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यात, या खेळाने गेल्या दोन-तीन दशकांत मोठी मजल मारली असल्याने हा प्रश्न तेथील खेळाडू, पालक व प्रशिक्षक यांच्या नित्य अनुभवाचा आहे.

संज्ञा

'काडतूस' हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. बोलीभाषेत संपूर्ण काडतुसालाच 'गोळी' म्हणतात. काटेकोरपणे पाहता गोळी म्हणजे नळीतून बाहेर पडणारा शिशाचा तुकडा. गोळी, तिला ढकलणारी दारू, दारू पेटवणारे स्फोटक मिश्रण आणि या सर्वांना धरून ठेवणारे पितळी कवच मिळून काडतूस होते. एअर रायफल व एअर पिस्तूल यांत दारू नसते. त्यांत हवेच्या दाबाने सुटणाऱ्या शिशाच्या लहान तुकड्याला छर्रा किंवा पेलेट म्हणतात. 'दारूगोळा' हा शब्द प्रामुख्याने लष्करी साठ्यासाठी रूढ असल्यामुळे या लेखात तो टाळला आहे.

काडतूस व त्याचा खप

५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल (महिला) या प्रकारांत ०.२२ इंच व्यासाचे 'लाँग रायफल' काडतूस वापरतात. नेमबाज त्याला 'पॉइंट टू-टू' म्हणतात. हे काडतूस १८८७ च्या सुमारास अमेरिकेत प्रचारात आले आणि त्याची मूळ रचना आजही जवळपास तशीच आहे. त्यातील गोळीचे वजन ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते. दारू पेटवणारे मिश्रण कवचाच्या बुडाशी असलेल्या कडेत भरलेले असते. रायफलची सुई या कडेवर आघात करते, कड चेपते आणि मिश्रण पेटते. एकदा चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही, म्हणून हे काडतूस एकदाच वापरण्याचे आहे. मोठ्या बोअरच्या काही काडतुसांची रिकामी कवचे पुन्हा भरण्याचा उद्योग परदेशातील हौशी नेमबाज करतात. ०.२२ च्या बाबतीत तो मार्ग मुळातच बंद आहे.

स्पर्धेच्या काडतुसाचा वेग मुद्दाम ध्वनीच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येणारी गोळी हवेत डळमळते आणि ५० मीटरवर तेवढी डळमळही महागात पडते. ५० मीटरच्या लक्ष्यफलकावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यफलकावर तो केवळ अर्धा मिलिमीटर असतो.

स्पर्धेत प्रत्यक्ष लागणाऱ्या काडतुसांची संख्या फार नसते. ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात गुडघ्यावर, पालथे पडून व उभे राहून अशा तीन स्थितींत प्रत्येकी २०, म्हणजे एकूण ६० गुणांकित फैरी झाडायच्या असतात. पॅरिस ऑलिंपिकपूर्वीच्या काळात ही संख्या १२० होती. ती निम्मी झाल्याने स्पर्धेपुरता खर्च कमी झाला, ही या बदलाची फारशी चर्चिली न गेलेली बाजू आहे. याखेरीज नेम जुळवण्यासाठीच्या फैरी वेगळ्या.

खरा खप सरावात होतो. एखादा खेळाडू आठवड्यातून पाच दिवस स्पर्धेइतक्याच, म्हणजे ६० फैरी झाडतो असे धरले, तर आठवड्याला ३०० आणि वर्षाच्या ५० आठवड्यांत १५,००० काडतुसे लागतात. काडतुसे ५० च्या डबीत येतात, म्हणजे ३०० डब्या झाल्या. आंतरराष्ट्रीय पातळीवरील खेळाडूचा सराव याहून बराच अधिक असू शकतो. विमानप्रवासात नोंदणीकृत सामानातून एका प्रवाशाला वेष्टनासह फक्त ५ किलोग्रॅम काडतुसे नेता येतात. त्यांत सुमारे तेराशे ते चौदाशे काडतुसे बसतात. परदेशी स्पर्धेहून येताना वर्षाची बेगमी करून आणता येईल, हा सर्वसामान्य समज त्यामुळे खरा नाही.

कोल्हापूर आणि नेमबाजी

कोल्हापूर संस्थानात बंदुकीचा संबंध प्रथम शिकारीशी होता. आजचे दाजीपूर अभयारण्य हे पूर्वी संस्थानिकांचे राखीव शिकारक्षेत्र होते आणि कोल्हापुरातील चित्त्यांकरवी होणारी शिकार प्रसिद्ध होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा अध्याय संपला. त्यानंतर नेमबाजी उरली ती लक्ष्यफलकापुरती, आणि ती राजवाड्यातून मध्यमवर्गीय घरांत आली. शाळा-महाविद्यालयांतील राष्ट्रीय छात्रसेनेचा (एनसीसी) यात मोठा वाटा आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या छात्रसेनेत ०.२२ रायफलने मोजक्या फैरी झाडायला मिळत आणि अनेकांची बंदुकीशी पहिली ओळख तेथेच झाली.

राष्ट्रीय पातळीवरही या खेळाच्या संघटनेत मराठी माणसाचे नाव पहिले आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची मावळंकर स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेची पायरी मानली जाते. मुंबईत वरळी येथील महाराष्ट्र रायफल असोसिएशनने अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे अशा ऑलिंपिकपटूंची पिढी घडवली. या तिघी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये भारताकडून उतरल्या होत्या.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथील जागतिक स्पर्धेत ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक पटकावले आणि तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी केली. राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ च्या चांगवॉन विश्वचषकात व २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. पात्रता फेरीत ५९० गुणांसह ते सातवे होते. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. शिक्षक असलेल्या कुसाळे यांच्या वडिलांना मुलाच्या सरावाच्या काडतुसांसाठी कर्ज काढावे लागले होते, हे या विजयानंतर वृत्तपत्रांतून सर्वांना कळले.

या तिघांचेही पदक दारूच्या काडतुसाने खेळल्या जाणाऱ्या प्रकारांतील आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. कोल्हापूर हे कुस्ती व फुटबॉलचे शहर. मंगळवार पेठेच्या परिसरात राजर्षी शाहूंनी उभारलेले खासबाग मैदान आहे आणि पेठेतील तालमींचे फुटबॉल संघ शहरभर परिचित आहेत. आखाड्यातील तांबडी माती वर्षानुवर्षे टिकते आणि एका चेंडूवर बावीस जण खेळतात. नेमबाजीत मात्र सरावाची प्रत्येक कृती एक वस्तू कायमची संपवते. त्याच पेठेतील मुलगा फुटबॉल सोडून नेमबाजीकडे वळतो, तेव्हा घराच्या अर्थकारणात पडणारा फरक हा आहे. शहरात दुधाळी भागातील रेंजवर अनेक खेळाडूंनी सुरुवात केली. पण रेंज असणे आणि रेंजवर झाडायला काडतूस असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टंचाईची कारणे

आयातीवरील अवलंबन

स्पर्धेच्या दर्जाची ०.२२ काडतुसे जगात मोजकेच कारखाने बनवतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळची इली ही त्यांतील जुनी कंपनी. तिचे 'टेनेक्स' हे काडतूस नेमबाजांच्या परिचयाचे आहे. जर्मनीची आरडब्ल्यूएस आणि फिनलंडच्या लापुआ कंपनीशी संबंधित, जर्मनीतील शोनेबेक येथील कारखाना ही अन्य प्रमुख नावे आहेत. एअर रायफलच्या उत्तम छर्ऱ्यांबाबतही युरोपीय कंपन्यांचेच वर्चस्व आहे.

महाराष्ट्रात काडतुसांचे कारखाने नाहीत असे मात्र नाही. पुण्यातील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे आणि तेथील बारा बोअरची काडतुसे देशभर विकली जातात. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथेही लहान शस्त्रांची काडतुसे बनतात. हे दोन्ही कारखाने २०२१ पासून पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत. तथापि त्यांचे मुख्य गिऱ्हाईक संरक्षण दल आहे. लष्करी काडतूस खात्रीने सुटले पाहिजे, ही तेथील पहिली कसोटी. सलग ६० गोळ्या दहा मिलिमीटरच्या वर्तुळात पडाव्यात, ही कसोटी वेगळी असून तिच्यासाठी प्रत्येक काडतुसातील दारू, गोळीचे वजन व कडेतील मिश्रण यांत विलक्षण सारखेपणा लागतो. कोल्हापूरहून खडकी काही तासांच्या अंतरावर असताना स्पर्धेचे काडतूस सातासमुद्रापलीकडून मागवावे लागते ते यामुळे.

लॉटचा प्रश्न

कारखान्यात एका वेळी, एकाच कच्च्या मालातून तयार झालेल्या काडतुसांच्या गटाला लॉट म्हणतात. त्याचा क्रमांक डबीवर छापलेला असतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमधील काडतुसे एकाच रायफलमधून वेगळी वागतात. एका लॉटच्या दहा गोळ्या जवळजवळ एकाच छिद्रातून जातील, तर दुसऱ्याच्या नवाच्या वर्तुळापर्यंत विखुरतील. विशेष म्हणजे शेजारच्या नेमबाजाच्या रायफलमध्ये नेमके उलटे घडू शकते. म्हणून आघाडीचे नेमबाज कंपनीच्या चाचणी केंद्रात रायफल शिकंज्यात बसवून अनेक लॉट तपासतात आणि जुळलेल्या लॉटची एकदम मोठी खरेदी करतात.

नेमबाजाच्या दृष्टीने टंचाईचा खरा अर्थ येथे आहे. त्याचा लॉट संपतो तेव्हा कारखान्यातही तो पुन्हा मिळत नाही, कारण तो गट एकदाच बनलेला असतो. नवी डबी हाती येते, पण तिच्यावरचा भरवसा पुन्हा शून्यापासून कमवावा लागतो. फैर नवाला गेली तर चूक हाताची की काडतुसाची, हा प्रश्न नेमबाजाच्या मनात डोकावतो आणि गुणांचे अधिक नुकसान या शंकेनेच होते.

कायदा व परवाना

भारतात काडतुसांची खरेदी, साठा व वाहतूक १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली आणि २०१६ च्या शस्त्र नियमांखाली येते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला लक्ष्यसरावासाठी ०.२२ रायफलचा परवाना देण्याची तरतूद मूळ कायद्यातच आहे. नियमांत नामवंत नेमबाज, होतकरू नेमबाज व कनिष्ठ नेमबाज अशा श्रेणी असून श्रेणीनुसार वर्षभरात किती काडतुसे घेता येतील हे ठरते. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अधिसूचना काढून खेळाडूंना बाळगता येणाऱ्या शस्त्रांची व सरावाच्या काडतुसांची मर्यादा वाढवली. त्याआधी २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली होती.

या मर्यादांमागील हेतू समजण्यासारखा आहे. अडचण होते ती श्रेणीच्या पायऱ्यांमुळे. वरची श्रेणी मिळण्यासाठी स्पर्धेत ठराविक गुण हवेत, त्या गुणांसाठी सराव हवा आणि सरावासाठी काडतुसे हवीत. ती मात्र वरच्या श्रेणीलाच अधिक मिळतात. शिवाय परवान्याचे नूतनीकरण जिल्हाधिकारी कार्यालयात रेंगाळले तर त्या काळात खरेदी थांबते. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांना शस्त्रे जमा करावी लागतात. स्पर्धेत भाग घेणाऱ्या, संघटनेच्या सभासद असलेल्या खेळाडूंना त्यातून सामान्यतः सूट असते. ती मिळवण्यासाठी सभासदत्वाचे व स्पर्धेचे कागद वेळेवर सादर करणे इष्ट.

जागतिक घडामोडी

अमेरिका ही काडतुसांची सर्वांत मोठी नागरी बाजारपेठ आहे आणि तिथल्या भीतीचे पडसाद इतरत्र उमटतात. डिसेंबर २०१२ मधील सँडी हूक शाळेतील हत्याकांडानंतर शस्त्रबंदीच्या धास्तीने तेथील लोकांनी साठेबाजी केली आणि ०.२२ काडतुसे दीर्घकाळ दुकानांतून नाहीशी झाली. २०२० च्या करोना साथीत हेच पुन्हा घडले. भारतात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाल्याने रेंजच बंद झाल्या. टोकियो ऑलिंपिक एक वर्षाने लांबले आणि भारतीय संघ मे २०२१ मध्ये सरावासाठी क्रोएशियात गेला. फेब्रुवारी २०२२ पासूनच्या रशिया-युक्रेन युद्धामुळे दारूचा मूळ घटक असलेल्या नायट्रोसेल्युलोजची लष्करी मागणी वाढली व त्याचा ताण क्रीडा-काडतुसांच्या किमतींवरही आला.

टंचाईला तोंड देण्याचे मार्ग

कोरा सराव

काडतुसाविना नेम धरून ट्रिगर दाबण्याच्या सरावाला नेमबाज 'ड्राय फायरिंग' किंवा 'ड्राय प्रॅक्टिस' म्हणतात. तो टंचाईतील नाइलाज समजला जातो, पण हे बरोबर नाही. काडतुसांची ददात नसलेले जागतिक दर्जाचे नेमबाजही सरावाचा मोठा भाग असाच करतात. फैर सुटल्याच्या आवाजाने व धक्क्याने त्या क्षणी झालेली चूक झाकली जाते. कोऱ्या सरावात आवाज नसल्यामुळे ट्रिगर दाबताना नळीचे टोक किंचित हलले तरी दिसते. श्वास, शरीराची ठेवण, ट्रिगरवरील बोटाचा दाब आणि ट्रिगर सुटल्यानंतरही क्षणभर नेम कायम ठेवणे या चारही गोष्टी त्यात घोटून घेता येतात.

०.२२ रायफलमध्ये रिकाम्या नळीवर सुई वारंवार आपटल्यास सुईला किंवा नळीच्या मुखाला इजा होऊ शकते. स्पर्धेच्या अनेक रायफलींत त्यासाठी वेगळी सोय असते. नसल्यास बनावट काडतूस (स्नॅप कॅप) वापरतात. सरावापूर्वी नळी रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी करणे आणि खरी काडतुसे त्या खोलीत न ठेवणे हे दोन नियम अपवादाविना पाळावेत.

या सरावाला रेंज लागत नाही. मंगळवार पेठेतील जुन्या घराचा सोपा पाच मीटर लांबीचा असला तरी पुरतो, कारण लक्ष्यफलक अंतराच्या प्रमाणात लहान करता येतो. ५० मीटरच्या फलकावरील काळ्या वर्तुळाचा व्यास ११२.४ मिलिमीटर असतो. पाच मीटरवर तेच दृश्य मिळवण्यासाठी सुमारे ११.२ मिलिमीटरचे वर्तुळ कागदावर काढून भिंतीला लावावे. पेठेतली घरे एकमेकांना खेटून असतात. रस्त्यावरून किंवा समोरच्या गच्चीवरून रायफल दिसणार नाही अशी जागा निवडणे आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना देणे शहाणपणाचे ठरते. रायफल खेळाची आहे हे खिडकीतून पाहणाऱ्याला कळण्याचे कारण नाही.

ज्यांना परवडते ते नळीला संवेदक जोडून नेमाची हालचाल संगणकावर रेषेच्या रूपात दाखवणारी यंत्रणा वापरतात. रशियातील स्कॅट व फिनलंडमधील नॉपटेल या त्यांतील परिचित यंत्रणा. किंमत मोठी असल्याने क्लबने एक घेऊन सर्वांनी वापरणे सोयीचे. टाळेबंदीच्या काळात घरोघरी इलेक्ट्रॉनिक लक्ष्यफलक लावून एप्रिल २०२० मध्ये ऑनलाइन नेमबाजी स्पर्धाही झाली होती.

कोऱ्या सरावाने जे शिकता येत नाही तेही सांगायला हवे. वारा, रायफलचा धक्का आणि लागोपाठ फैरींतील लय त्यात अनुभवता येत नाही. पालथ्या स्थितीतील नेमबाजी ही बऱ्याच अंशी वारा ओळखण्याची कला आहे. रेंजवरील छोट्या निशाणांकडे पाहून नेम किती सरकवायचा हे खऱ्या गोळीनेच कळते. म्हणून उभ्या स्थितीचा सराव शक्य तितका कोरा करून वाचलेली काडतुसे पालथ्या स्थितीसाठी व वाऱ्याच्या दिवसांसाठी राखणे, ही काटकसरीची रीत अनेक प्रशिक्षक सुचवतात. एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याचा सराव घड्याळ लावून काडतुसाविनाच करावा.

एअर रायफलचा आधार

१० मीटर एअर रायफल व एअर पिस्तूल हा टंचाईतील सर्वांत व्यवहार्य पर्याय आहे. ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या हवेच्या बंदुकीला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. छर्ऱ्यांची ५०० ची डबी काडतुसांच्या मानाने बरीच स्वस्त पडते. उभ्या स्थितीचे तंत्र दोन्हींत जवळपास सारखेच असल्याने एअर रायफलवरची मेहनत वाया जात नाही. छर्ऱ्यांतही डोक्याचा व्यास ४.४९, ४.५० मिलिमीटर अशा बारीक फरकाने बदलतो व नळीला जुळणारा छर्रा शोधावा लागतो, हे विसरू नये.

काडतुसांचा हिशेब

टंचाईत सर्वाधिक उपयोगी पडणारे साधन म्हणजे साधी वही. डबीवरील लॉट क्रमांक, खरेदीची तारीख, त्या दिवशीचे हवामान, झाडलेल्या फैरी व त्यांचा विखुरलेपणा यांची नोंद ठेवल्यास कोणता लॉट स्पर्धेसाठी राखायचा हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. जुळलेल्या लॉटच्या काही डब्या वर्षारंभीच सीलबंद बाजूला काढतात आणि रोजच्या सरावासाठी खालच्या श्रेणीचे, स्वस्त काडतूस वापरतात. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना गोळीवरील मेणाचा लेप वेगळा असल्याने नळी स्थिर होण्यासाठी काही गोळ्या खर्ची पडतात. त्यामुळे रोज प्रकार बदलणे तोट्याचे ठरते.

रेंजवर जाण्यापूर्वी त्या दिवशी काय तपासायचे ते लिहून काढावे आणि तेवढीच काडतुसे खिशात घ्यावीत. हाताशी भरलेली पेटी असली की चुकलेल्या फैरीचे कारण न शोधता पुढची झाडण्याकडे कल होतो. पिस्तूल नेमबाजांत एक जुनी युक्ती आहे. प्रशिक्षक मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत एखादे बनावट काडतूस मिसळून देतो. ते आल्यावर पिस्तूल हलले तर खेळाडू धक्क्याच्या अपेक्षेने दचकतो आहे हे सिद्ध होते. यात निम्म्या काडतुसांत दुप्पट शिकणे होते.

क्लबमार्फत एकत्रित मागणी नोंदवल्यास पुरवठादाराकडून एकाच लॉटचा मोठा साठा मिळण्याची शक्यता वाढते. मागणी हंगाम सुरू होण्याच्या काही महिने आधी नोंदवावी, कारण जहाजाने येणारा माल, सीमाशुल्क व पोलीस परवानगी या प्रत्येक टप्प्यावर वेळ जातो.

साठवण

काडतुसे थंड, कोरड्या व कुलूपबंद जागी, शक्यतो मूळ डबीतच ठेवतात. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते. अशा वेळी डब्या भिंतीलगतच्या कपाटात न ठेवता हवाबंद पेटीत, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवाव्यात. उन्हाळ्यात मोटारीच्या डिकीत राहिलेल्या काडतुसांचा मेणाचा लेप वितळतो आणि त्यांचा वेग एकसारखा राहत नाही. काडतुसांना तेल लावू नये. जुनी डबी आधी वापरावी.

टाळावयाच्या गोष्टी

टंचाईच्या काळात अनधिकृत मार्गाने काडतुसे मिळवण्याचा मोह होतो. परवान्यावर नोंद न होणारी खरेदी, दुसऱ्याच्या परवान्यावर घेतलेली काडतुसे किंवा परस्पर केलेली देवघेव हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो आणि खेळाडूचा परवाना व कारकीर्द दोन्ही त्यात जातात. परवान्याशिवाय काडतूस तयार करणे वा भरणे यालाही कायद्याने मनाई आहे. ज्या काडतुसाची कड चेपूनही ते सुटले नाही, ते वाया गेले म्हणून हळहळत लगेच बोल्ट उघडू नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे आणि रेंज अधिकाऱ्याला सांगावे. क्वचित प्रसंगी दारू उशिरा पेटते.

साठेबाजीचे समर्थन काही जण दूरदृष्टी म्हणून करतात. मर्यादेत राहून वर्षाची तरतूद करणे निराळे. पण क्लबचा नवा माल येताच ज्येष्ठांनी तो उचलल्यास नवशिक्या मुलांच्या वाट्याला उरलासुरला, न जुळणारा लॉट येतो.

खेळाडूंमधील विषमता

केंद्र सरकारने २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'टार्गेट ऑलिंपिक पोडियम' योजनेतून निवडक खेळाडूंना काडतुसे, साहित्य व परदेशी सरावासाठी साहाय्य मिळते. राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतही प्रशिक्षणार्थींचा खर्च शासन उचलते. स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये प्रबोधिनीत दाखल झाले होते आणि पुढे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली. या दोन टोकांच्या मधली काही वर्षे मात्र बहुतेक खेळाडूंना स्वतःच्या बळावर काढावी लागतात. या वर्षांत मुलगा राज्यस्पर्धेत चांगले गुण मिळवत असतो, पण कोणत्याही योजनेच्या यादीत नसतो. काडतुसांची गरज याच वयात झपाट्याने वाढते. अनेक मुले या टप्प्यावर ५० मीटर सोडून केवळ एअर रायफलवर राहतात किंवा खेळच सोडतात.

रेंजच्या बुडाशी साठलेले शिसे गोळा करून विकण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. झाडलेल्या प्रत्येक ०.२२ गोळीतून अडीच ग्रॅमहून थोडे अधिक शिसे परत मिळू शकते आणि त्या पैशातून क्लबला कनिष्ठ खेळाडूंसाठी छर्ऱ्यांच्या डब्या घेता येतात. शिसे विषारी असल्याने हे काम हातमोजे व मुखपट्टी वापरून प्रौढांनीच करावे, आणि रेंजवरून परतल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोणीही खाऊ नये.